बटणांची डबी

१८ फेब्रुवारी

पेंटरसाहेब, नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, पोटात घ्या. तुमचं पत्र येऊन महिना होत आला. ते उशीखाली ठेवलंय आणि रोज म्हणतोय, आज डोळा बरा वाटला की उत्तर लिहू. डोळा काही बरा वाटेना. न लिहावं तर तुम्हाला वाटायचं, व्याही कशावरून तरी रुसले. रुसलो नाही. घाबरलोय.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला हे तुम्हाला तुमच्या सुनेकडून, आमच्या बेबीकडून, कळलंच असेल. पट्टी निघाली त्या सकाळी मी खिडकीत उभा राहिलो, तर समोरच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेला शर्ट दिसला. नुसता शर्ट नाही, त्याची कॉलर दिसली, आणि ती झिजल्यावर उलटवून पुन्हा बसवलेली आहे हेसुद्धा दिसलं. सूनबाईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, मला तर तिथे शर्ट आहे एवढंच दिसतंय. मी दिवसभर घरभर हिंडलो आणि भिंतीतले तडे मोजत बसलो. मुलगा म्हणाला, याच्यापेक्षा आंधळे होतात ते बरं होतं.

आणि मग, व्याहीबुवा, औषधाचे थेंब कमी करायला सांगितले त्याच आठवड्यात एका सकाळी उठलो तर डोळा लालभडक. खिडकीतला उजेड सुई टोचावी तसा आत गेला. शर्ट धुक्यात. मला वाटलं बाहेरच धुकं पडलंय. डावा डोळा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं. धुकं बाहेर नव्हतं, डोळ्यात होतं. जे इतकं लख्ख दिसलं ते परत जातं? विकत घेतलेलं कापड दुकानदार घरी येऊन परत नेतो का कधी?

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आत सूज आहे. ऑपरेशननंतर थोडी सगळ्यांनाच येते आणि जाते, तुमची गेली नाही. पुन्हा थेंब वाढवून दिलेत.

माझ्या डोक्यात सारखं येतं की चूक कोणाची. मला वाटतं पंख्याची. ऑपरेशननंतर मी पंख्याखाली झोपलो. सूनबाईला वाटतं मी डोळा चोळला. मी चोळला नाही. एकदा चोळला असेन.

एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढे तुमचाही नंबर आहे. ऑपरेशनच्या आधी विचारतात, कोणकोणती औषधं चालू आहेत. सूनबाई शेजारीच स्टुलावर, मांडीवर माझी पिशवी. मी म्हटलं, रक्तदाबाची एक गोळी, बाकी काही नाही. आपली ती गोळी मी बेमालूम गाळली. डोळ्याच्या डॉक्टरला तिच्याशी काय करायचंय? तुम्हीही तयारीत राहा. अचानक विचारतात.

बेबीला म्हणावं, बाबा ठीक आहेत. एवढं सगळं तिला सांगू नका.

तुमचा,
मास्तर


२ मार्च

मास्तर,

तुमचं पत्र हातात घेतलं तेव्हा आधी वाटलं, कागद चुकून शिलाई मशीनखालून गेला. अक्षर वर चढतं काय, खाली उतरतं काय. मग वाचलं आणि हसू पळालं. एवढं मोठं ऑपरेशन, आणि दिसलेलं पुन्हा जावं? मी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मधेच थांबून माझ्याच डोळ्यावर हात ठेवला. तुम्हाला दोन तरी आहेत. माझ्याकडे एकच. दुसरा मी बारा वर्षांचा असताना चुन्याच्या डब्यात गेला. उस्ताद म्हणायचे, ढवळताना तोंड बाजूला कर, आणि मी नेमका डोकावलो. तेव्हापासून जे काही रंगवलं, ते या एकट्यावर. आता हाही दुधात बुडवल्यासारखा झालाय.

परवा एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवून दिली. मालक खाली उभा राहून म्हणाला, पेंटर, ओळ उजवीकडे उतरतेय. मी म्हटलं, दुकानच उतारावर आहे. तो हसला, पण मला शिडीवरून उतरताना रडू आलं. आजवर मी कागदावर काय की भिंतीवर काय, दोरी न मारता ओळ सरळ नेली. या कागदाकडेही बघा, रेघा नाहीत. तुमच्यासारखा मी वहीचा कागद वापरत नाही. अजून तरी जमतंय.

तुमची लेक माझ्या मागे लागली आहे की ऑपरेशन करून घ्या. माझा मुलगा गप्प असतो, त्यामुळे घरात तिचंच चालतं. चांगलं वळण लावलंत, असं खुशाल लिहितोय, कारण हे पत्र मी स्वतः टाकणार आहे. तिच्या हाती दिलं तर पाकीट उन्हात धरून वाचेल.

गोळीचं तुम्ही नीट केलंत. तुमच्याकडे मी मुक्कामाला होतो तेव्हा आपली गाठ बैठकीच्या खोलीत कमी आणि संडासाच्या दारात जास्त पडली, ते आठवतंय ना? दोघंही दाराशी पाय आवळून उभे, आणि दोघंही म्हणतोय, तुम्ही आधी, छे छे, तुम्ही आधी. मीच तुम्हाला हाताला धरून तुमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. दोघांचं दुखणं एक, गोळी एक. आणि तिथून परतताना ठरलं, की दोघांच्याही सुनांना याचा पत्ता लागू द्यायचा नाही. तुम्ही बटणांच्या डबीत ठेवता, मी ब्रशच्या डब्यात. आपल्या वयाच्या माणसाकडे झाकून ठेवण्यासारखं उरलंय तरी काय? तेवढं झाकलेलं राहू द्या.

मलाही विचारलं तर मी तुमचाच कित्ता गिरवीन.

फोन करू नका. मला त्यात नुसती भुणभुण ऐकू येते आणि मी सगळ्याला हो म्हणतो. मागच्या वेळी त्यापायी घरात नवीन गाद्या आल्या. पत्रच लिहा, वाकडं का होईना.

पेंटर


२० एप्रिल

पेंटरसाहेब, नमस्कार.

तुमच्या पत्राने जरा हसलो, आणि हसल्यामुळे डोळा दुखला, इतकी वाईट वेळ आहे.

थेंब वाढवले की बरं वाटतं. समोरचा शर्ट परत दिसतो. कॉलर नाही, पण शर्ट दिसतो. थेंब कमी करायला घेतले की पुन्हा लाल, पुन्हा धुकं. आतापर्यंत तीनदा झालं. जिना चढायचा, वरच्या पायरीवर पोचलो की कोणीतरी खाली ढकलायचं, तसं. प्रत्येक वेळी मला वाटतं आता धक्का बसणार नाही, आणि प्रत्येक वेळी बसतो.

सुईत दोरा ओवता येत नाही. शर्टाची तुटलेली बटणं आता सूनबाई लावते. ती चार भोकांच्या बटणाला दोनच भोकांतून दोरा घालते. मी बघतो आणि तोंड मिटून बसतो.

घरात माझा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पंख्यावर घेतला, कांद्यावर घेतला, उशीच्या अभ्र्यावर घेतला. सूनबाईने अभ्रे उकळून काढले, कांदा गॅलरीत जाऊन चिरते. मुलगा म्हणाला, बाबा, आता संशय घ्यायला घरात कोण राहिलं नाही, शेजारी चालतील का? त्याला बोलायला काय जातं.

आणि त्या डॉक्टरीण बाईंचे प्रश्न. साखरेचा आजार आहे का? नाही. सांधे धरतात का? नाही. पूर्वी कधी डोळा असा लाल होऊन आठवडेच्या आठवडे राहिला होता का? नाही. डोळ्याला कधी मार लागला? नाही. थेंब टाकायचे चुकले? मी म्हटलं, सूनबाईला विचारा, ती घड्याळाचा गजर लावते. मग त्यांनी पुन्हा तेच विचारलं, लघवीसाठी काही औषध घेता का, या वयात बऱ्याच जणांना लागतं. पेंटरसाहेब, मला भयंकर राग आला. एवढ्या लोकांत! दाराशी दुसरे पेशंट उभे, सूनबाई शेजारी. डोळ्याच्या दवाखान्यात यांना कशाला पाहिजेत असल्या चौकशा? मी सरळ म्हटलं, बाई, मला तसला काही त्रास नाही. सूनबाईकडे पाहिलं, तर ती खाली जमिनीकडे बघत होती. तिलाही लाज वाटली असणार.

बाई म्हणाल्या, मग दुसरी कारणं शोधावी लागतील. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. ते बाहेरगावी आहेत, पुढच्या महिन्यात येतील.

दुसरी कारणं म्हणजे काय? मला क्षय झालाय का? अजून काही? मी विचारलं नाही. विचारलं तर सांगतील.

तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पण तुमचा एकच आहे. तुम्ही घाई करू नका. माझं काय चुकलं ते एकदा कळू द्या, मग तुम्ही जा.

मास्तर


१० मे

मास्तर,

घाई करू नका म्हणता, पण इथे तुमच्या लेकीपुढे कोणाचं चाललंय? गेल्या आठवड्यात मी चहाच्या कपात ब्रश बुडवला. रंगाच्या डब्याला तोंड लावलं नाही एवढंच नशीब. तिने बघितलं, काही बोलली नाही, आणि संध्याकाळी तारीख घेऊन आली. येत्या गुरुवारी, पंधरा तारखेला. सकाळी.

तुमचं पत्र मी तिला दाखवलं नाही. मी मात्र ते वाचून सुन्न झालो. तीनदा? बरा होतो आणि पुन्हा बिघडतो, असं तीनदा? मी चार दिवस जेवताना गप्प होतो. मुलगा विचारतो, दाढ दुखते का.

पण मी ठरवलंय. अर्धवट बघत बसण्यापेक्षा एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. आणि तुमच्या अनुभवावरून मी एक शहाणपणा केलाय. आपली ती गोळी मी बंदच करून टाकली. तीन आठवडे झाले. फार हाल होतात, खोटं कशाला सांगू, संडासाचं दार आणि मी, दुसरं जग नाही. पण मास्तर, मला तुमच्यासारखं झटकन खोटं बोलता येत नाही, त्यातून तुमच्याच मुलीच्या देखत. आता विचारलं की मी छातीवर हात ठेवून सांगेन, कुठलीही गोळी घेत नाही. शब्दन् शब्द खरा. काल तपासणीला विचारलंच. सांगितलं. बेबीसुद्धा म्हणाली, आमच्या बाबांना कसलंच औषध नाही, या वयात! मला इतकं बरं वाटलं.

ऑपरेशन झालं की उरलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करीन. डबा तसाच आहे.

या कागदावरच्या ओळी उतरतायत. मला दिसत नाहीये, पण हाताला कळतंय. हसा.

पट्टी निघाली की पहिली ओळ तुम्हालाच.

पेंटर


२७ मे

पेंटरसाहेब,

हे पत्र फाडायचं असेल तर फाडा, पण आधी वाचा. त्या गुरुवारचं तुमच्या बाजूचं सगळं मला बेबीने फोनवर सांगितलं. माझ्या बाजूचं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगणारा मीच आहे.

मोठे डॉक्टर परत आले होते आणि त्यांनी मला बोलावलं होतं, ते नेमकं त्याच सकाळी. खोली अंधारी. हनुवटी टेकवायची ती मशीन, डोळ्यावर उजेडाची बारीक पट्टी. बराच वेळ ते आत बघत राहिले. मग म्हणाले, आजोबा, बंद खोलीत दाराच्या फटीतून ऊन येतं तेव्हा त्यात धूळ तरंगताना दिसते ना, तसं तुमच्या डोळ्यात तरंगतंय. मागच्या पडद्यालाही सूज उतरली आहे. रक्ताच्या बऱ्याच तपासण्या कराव्या लागतील, आणि एवढ्यावर भागलं नाही तर डोळ्यात सुई द्यावी लागेल. सूनबाई तपासण्या कुठे करायच्या ते विचारायला बाहेर गेली.

डोळ्यात सुई. मी जन्मभर सुई धरली, पण ती कापडात.

डॉक्टर हात धूत होते. पाठमोरे असतानाच म्हणाले, खरं सांगू का, मला तुमचं ऑपरेशन चांगलं आठवतंय. थेंब घालून मोठी केलेली बाहुली मधेच मिटायला लागली. डोळ्यातला रंगीत पडदा असतो ना, तो ओल्या मलमलीसारखा लहरत होता, माझ्या हत्यारामागे येत होता. शेवटी कडं बसवून बाहुली उघडी धरली. तो पडदा फार हाताळला गेला. असा ढिला पडदा मला दिसतो तो लघवीच्या एका ठराविक गोळीवर असलेल्या माणसांत. आधी कळलं तर आम्ही तयारीने जातो. तुम्ही नाही म्हणालात.

पेंटरसाहेब, मी शिंपी आहे. ओली मलमल सुईखाली आली तर काय होतं ते मला कोणी समजावून सांगायला नको. ती ताणावी तर फाटते, सोडावी तर गोळा होते, आणि आधी माहीत नसेल तर चांगल्यातला चांगला कारागीर कापड नासवतो. गिऱ्हाइकाने कापड ओलं आहे एवढं सांगायचं असतं. मी कारागिराला खोटं सांगून त्याच्या हातात माझा डोळा दिला होता.

दवाखान्यात किती वेळ लागेल कोण जाणे, म्हणून डबी खिशातच आणली होती. ती काढली, झाकण उघडलं आणि टेबलावर ठेवली. "डॉक्टर," मी म्हटलं, "ही सगळी बटणं नाहीत."

त्यांनी एक गोळी उचलून तळहातावर घेतली, उलटसुलट बघितली. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, किती दिवस झाले. मी सांगितलं. मग मी माझ्याच डाव्या डोळ्याच्या काळजीने विचारलं, की आता ही बंद केली तर दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत सगळं नीट होईल ना. ते म्हणाले, "बंद करून उपयोग नाही. एकदा घेतली की तो पडदा महिनोन्महिने, कधी वर्षंही तसाच ढिला राहतो. गोळी वाईट नाही, घेत राहा. फक्त सांगा."

पुढे असंही म्हणाले, की गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला अशी सूज राहत नाही, आणि माझी सूज त्या ओढाताणीनेच राहिली असेल असं ते शपथेवर सांगणार नाहीत, तपासण्या करायच्याच. पण मला जे कळायचं ते कळलं होतं. मान वर केली तर सूनबाई दारात उभी. कधीची उभी होती कोण जाणे.

बसची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. डबी माझ्या मुठीत होती. तीच म्हणाली, मला माहीत होतं, बाबा. मी विचारलं, कसं? ती म्हणाली, "तुमची बटणं आता मीच लावते ना? डबी रोज मीच उघडते."

मला हे सुचलंच नव्हतं. लपवायची जागा मीच तिच्या हातात दिली आणि वर लपवत बसलो. मी विचारलं, मग डॉक्टरीण बाईंनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही चारचौघांत नाही म्हणालात, मी तुम्हाला कसं खोटं पाडू. आणि डोळ्याशी त्याचा काही संबंध असेल असं मलाही वाटलं नाही. मग ती रडली. मी तिची लाज राखत होतो आणि ती माझी, आणि डोळा मधल्या मधे गेला.

घरी आलो. चपलांच्या फळीवर तुमचं पत्र पडलं होतं. मला वाटलं, निदान आता दोन विनोद वाचायला मिळतील. भिंगाखाली धरून वाचायला लागलो. गोळी बंद केली इथपर्यंत आलो आणि भिंग पुन्हा वर, तारखेवर नेलं. गुरुवार, पंधरा तारीख, हे मी दोनदा वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची गरज नव्हती. आपल्याच घरात असून मला आपण कुठे आहोत ते कळेना. माझ्या कानात डॉक्टरांचं वाक्य आणि हातात तुमचं. शब्दन् शब्द खरा, असं तुम्ही लिहिलं होतं. त्या खऱ्यामुळेच तुम्ही तुमच्या डॉक्टरांपुढे जास्त धोक्यात जाणार होतात. माझं खोटं निदान पकडता आलं असतं.

तुम्हाला फोन करून उपयोग नव्हता. बेबीलाच करायचा होता, आणि मला आकडे दिसत नाहीत. म्हणजे सूनबाईने लावायचा आणि तिच्यासमोर मी बोलायचं. बापाने लेकीला सांगायचं, तुझ्या सासऱ्यांना काय होतं आणि काय होत नाही. तुम्हाला दिलेला शब्द माझ्या जिभेवर होता. तो किती जड होता ते फक्त तुम्हालाच कळेल, म्हणून लिहितोय.

बेबीने फोन उचलला. मागे स्ट्रेचरची चाकं वाजत होती. मी म्हटलं, "तुझे सासरे लघवीची गोळी घेत होते. मीही घेतो. आता बंद केली असली तरी डॉक्टरांना सांग. आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

ती म्हणाली, "बाबा, त्यांना आत नेलंय. थेंब घालून झालेत." आणि मग फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज, आणि तिच्या चपलांचा आवाज, लांब लांब जाणारा. सूनबाईने फोन माझ्या कानाला धरून ठेवला होता. आम्ही दोघं तो रिकामा फोन ऐकत उभे राहिलो.

पुढचं तुम्ही जाणता. तुम्ही रांगेतले दुसरे होतात. तुम्हाला हिरव्या झग्यात, भरल्या व्हरांड्यातून परत आणलं, आणि तिथेच उभं करून, लेकासुनेच्या देखत, गोळीचं विचारलं. बेबी म्हणते, तुम्ही फक्त होकारार्थी मान हलवली. घरी गेल्यावर म्हणालात, व्याह्यांनी माझी अब्रू व्हरांड्यात वाळत घातली. घातली, पेंटरसाहेब. दुसरी जागा मिळाली नाही.

त्या दिवशी तुम्हाला परत पाठवलं आणि शनिवारी तुमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीण बाईंनी स्वतः तयारीने ऑपरेशन केलं, हे बेबीने सांगितलं. बाहुली मिटू नये म्हणून डोळ्यातच औषध दिलं, कडं हाताशी ठेवलं होतं. बाहुली थोडी आक्रसली पण फार हाताळावी लागली नाही, असं त्या म्हणाल्या म्हणे. गोळीही पुन्हा सुरू केली, आता उघड, देवघराशेजारच्या फळीवर. बेबी म्हणते, सगळं ठीक आहे. पण माझ्याही घरात पहिले पंधरा दिवस सगळे ठीक आहेच म्हणत होते. ठीक आहे या शब्दावरून माझा विश्वास उडालाय. जितक्या दिवसांनी माझा डोळा उलटला, तेवढे दिवस तुमचे अजून भरायचे आहेत. मी ते इथे बसून काढतोय.

माझं म्हणाल तर थेंब पुन्हा चालू, या वेळी अगदी हळूहळू कमी करायचे आहेत, काही महिने लागतील. मागची सूज उतरेल असं डॉक्टरांना वाटतं. पूर्ण उतरेल का, ते म्हणाले नाहीत. शर्ट दिसतो. कॉलर नाही.

पट्टी निघाली की पहिली ओळ तुम्हालाच, असं तुम्ही लिहिलं होतं. पट्टी निघून आठवडा उलटला. बेबीला विचारलं तर म्हणते, त्यांनी कागद मागितलेला नाही. तुम्ही माझ्यावर चिडलात हे मला मान्य आहे. चिडूनच लिहा. शिव्या लिहा, मी सूनबाईकडून मोठ्याने वाचून घेईन, तिला आता माझ्याबद्दल काही नवीन कळायचं राहिलेलं नाही. पण बेबीच्या हातून निरोप पाठवू नका, आणि तिला लिहायला लावू नका. तुमच्या हाताने, बिनरेघांच्या कागदावर, एकच ओळ. काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही तरी चालेल. ती ओळ सरळ गेली आहे की उतरली आहे, एवढं मला या डोळ्यानेही दिसेल.

पोस्टमन सकाळी येतो. मी खालीच उभा असतो. लवकर पाठवा.

मास्तर